मोजणाऱ्याच्या पिशवीत काय आहे?

२०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४ भरली. दहा हजार लोकांमागे उपचाराखालचे कुष्ठरुग्ण एकापेक्षा कमी असले, की सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं दूरीकरण झालं, अशी व्याख्या १९९१ मध्ये जागतिक पातळीवर ठरली. म्हणजे वर्ध्याची सीमारेषा झाली १३०. आठ तालुक्यांच्या रजिस्टरांत मिळून १२५ नावं असली तर रोग हद्दपार, १३५ असली तर तो अजून ठाण मांडून बसलेला. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण ही दहा नावं कमी कशामुळे होतात? दहा माणसं बरी झाली म्हणून कमी होतात. दहा माणसं मेली किंवा गाव सोडून गेली म्हणूनही होतात. औषधाचा कोर्स चोवीस महिन्यांऐवजी बारा महिन्यांचा केला, तरी होतात. आणि दहा जणांच्या पाठीवरचा चट्टा कुणी बघितलाच नाही, तर हमखास होतात.

रोगराई मोजायची म्हटलं की आपल्या मनात पर्जन्यमापक असतो. पाऊस पडतो तेवढा पडतो, आपण फक्त नळकांड्यातलं पाणी वाचायचं. पावसाला लपायचं कारण नसतं. कुष्ठरोगाला असतं, क्षयालाही असतं, आणि ते कारण जंतूत नसून माणसांत असतं. अशा आजाराचा कुठलाही आकडा हा रोग किती आहे आणि शोध किती घेतला, या दोन्हींचा गुणाकार असतो. यातली दुसरी संख्या शून्य झाली की पहिली कितीही मोठी असो, उत्तर शून्यच येतं. हे शाळकरी गणित आहे, तरी सरकारी अहवालांत ते दर वर्षी चुकतं.

माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. शोध वाढवा, असं नुसतं सांगून भागत नाही. मोजल्या जाणाऱ्या माणसाला त्या मोजणीतून काही मिळत असेल, तरच मोजणी खरी होते. मोजणारा रिकाम्या हाताने, नुसतं रजिस्टर घेऊन आला, तर लोक दार लावून घेतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. वर्ध्यात ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वी कळलेली होती.

त्याआधीची मोजणी कशी होती ते पाहण्यासारखं आहे. इंग्रजी अमलातल्या खानेसुमारीत १८८१ पासून १९३१ पर्यंत वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी यांची वेगळी नोंद होत असे. प्रगणक म्हणजे बहुतेक गावचा पटवारी नाहीतर शाळामास्तर. कोड आणि कुष्ठ यांत फरक करा, पांढरे डाग मोजू नका, झडणारं कुष्ठ तेवढंच मोजा, अशी सूचना त्यांना असे. म्हणजे बोटं झडेपर्यंत माणूस आकड्यात यायचाच नाही. बायका तर जवळपास येतच नसत. घरातल्या सुनेला हा रोग आहे असं खानेसुमारीच्या माणसाला कोण सांगेल? खुद्द जनगणनेच्या अहवालांनीच ही लपवाछपवी नोंदवून ठेवली आहे. त्या काळी सरकारला आकडा हवा होता तो या लोकांना कुठे ठेवायचं, हे ठरवण्यासाठी. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याची मुभा दिली होती. मोजणाऱ्याच्या मागे पोलीस उभा असताना खरी माहिती मिळेल, ही अपेक्षाच भाबडी होती.

वर्ध्यात कुष्ठरोगाचं काम सुरू झालं ते सेवेच्या वाटेने. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. तीन वर्षांनी संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री हा रोग घेऊन सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमातच झोपडी बांधून दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश केली. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुढे १९४५ मध्ये शास्त्रीबुवा दत्तपूरलाच वारले. या गोष्टीचं मोल कमी करण्याचा प्रश्न नाही. पण त्यात एक मर्यादा आहे, आणि ती आपण सहसा बोलून दाखवत नाही. दारी आलेल्या एका माणसाची सेवा करता येते, पण गावात राहिलेल्या, दारी न आलेल्या माणसांचं काय, याचं उत्तर त्या झोपडीत नव्हतं. आश्रम कितीही मोठा केला तरी तो जे चालत आले त्यांचाच राहतो, आणि चालत येणारे बहुतेक वेळा फार उशिरा आलेले असतात.

१९५१ मध्ये गांधी स्मारक निधीतून वर्ध्यात कुष्ठरोगासाठी वेगळी संस्था निघाली. आज ती हिंदीनगरला आहे. तिथे डॉ. आर. व्ही. वारदेकरांनी प्रश्न उलटा मांडला. रुग्ण आपल्याकडे किती आले, हे बाजूला ठेवून या पंचक्रोशीत रुग्ण किती आहेत, इथून त्यांनी सुरुवात केली. त्यासाठी गावं वाटून घ्यायची, घरटी कार्ड करायचं, घरातल्या प्रत्येकाचं अंग तपासायचं. मग रोग बरा होतो आणि लवकर कळला तर हातपाय शाबूत राहतात, हे बसून समजावायचं. आणि डॅप्सोनची गोळी गावात नेऊन द्यायची. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘सेट’ नाव पडलं. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच धर्तीवर.

‘सेट’चं कौतुक करताना बहुतेक जण तिची शिस्त सांगतात. मला तिची रचना जास्त महत्त्वाची वाटते. तीन शब्दांपैकी पहिला मोजणीचा आहे, पण उरलेल्या दोघांवाचून तो खोटा पडतो. गोळी नसेल तर चट्टा दाखवायचा कशाला? समजावणारं कुणी नसेल तर गोळी घ्यायची कशाला? पहिल्या फेरीत लपलेली माणसं, शेजारच्याचा चट्टा बुजलेला पाहून दुसऱ्या फेरीत स्वतः दाखवायला येतात. अशा वेळी आकडा चढतो. हा चढलेला आकडा रोगाची बातमी सांगतो त्याहून अधिक विश्वासाची सांगतो. कुष्ठरोगाच्या कामात पहिली काही वर्षं आकडा चढला नाही, तर लोकांनी तुम्हाला घरात घेतलेलं नाही असं खुशाल समजावं.

प्रत्यक्ष तपासणी कशी चालते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे जरा गूढ वाटेल, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. शोध मोहिमेच्या दिवसांत एक आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी घरोघर जाते. बायांना बाई तपासते, पुरुषांना पुरुष. चट्टा फिकट असतो किंवा तांबूस, कधी नुसताच तेलकट चकाकणारा. घरातल्या अंधारात तो दिसत नाही, उजेड लागतो, तोही तिरपा असला तर बरा. तो पाठीवर असतो, मांडीवर असतो, नेमका जिथे आरशातही दिसत नाही आणि परक्यासमोर उघडं करता येत नाही तिथे. संशय आला की डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करायचा, आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला लावायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर जातं. चट्ट्यावर टोक टेकलं की बोट जागचं हलत नाही. मग कोपरामागची शीर चाचपायची, ती जाड झाली आहे का, दाबल्यावर दुखते का. बहुतेक ठिकाणी संवाद एकच असतो. “मावशी, हा डाग केव्हापासून?” “तो जुनाच हाये ना बाई, काई होत नाई त्याले.” काही होत नाही, हेच तर लक्षण. दुखत नाही, खाजत नाही, चटका बसला तरी कळत नाही. दुखणं न देणाऱ्या दुखण्यासाठी रोजी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? ज्यांना त्रास होईल ते येतील, आल्यावर मोजू, ही रीत तापासाठी ठीक आहे. इथे ती मुळातच बिनकामाची आहे.

त्यातही वेळेचा घोळ असतो. मोहीम नेमकी सोयाबीनच्या सोंगणीत नाहीतर कापसाच्या वेचणीत आली, तर सकाळी दहाला घरी म्हाताऱ्या माणसांशिवाय कुणी नसतं. तरी घर ‘झालं’ म्हणून दारावर खडूची खूण पडते, आणि संध्याकाळी तक्त्यात शंभर टक्के भरले जातात.

मोजणीच्या इतिहासात वर्ध्याचं नाव दुसऱ्यांदा येतं ते १९८१–८२ मध्ये. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची बहुविध औषधोपचार पद्धती देशात सर्वप्रथम ज्या जिल्ह्यांत गेली, त्यांत महाराष्ट्रातला वर्धा आणि पश्चिम बंगालमधला पुरुलिया होता. नुसतं डॅप्सोन वर्षानुवर्षं, कित्येकदा जन्मभर घ्यावं लागे. नव्या पद्धतीत उपचाराला शेवट आला. सौम्य प्रकाराला सहा महिने. जास्त जंतू असलेल्या प्रकाराला आधी किमान चोवीस महिने, आणि १९९८ नंतर बारा. हे औषध खरोखर रामबाण आहे, याबद्दल दुमत नाही. माझा वाद त्या औषधाच्या यशाच्या मोजमापाशी आहे.

समजा एखाद्या जिल्ह्यात दर वर्षी शंभर नवे रुग्ण सापडतात, आणि हा आकडा वर्षानुवर्षं तसाच आहे. म्हणजे संसर्ग रतीभरही घटलेला नाही. उपचार दोन वर्षांचा असेल तर कोणत्याही दिवशी रजिस्टरवर दोनशे नावं दिसतील. एक वर्षाचा केला की शंभर. सगळ्यांना सहा महिन्यांत मोकळं केलं तर पन्नास. एकाही नव्या माणसाला होणारी लागण न थांबता रोग तीनचतुर्थांश ‘घटला’. शिवाय नवी पद्धत सुरू करताना जुनी रजिस्टरं चाळली जातात. मेलेले, गेलेले, कधीच बरे झालेले सगळे कमी होतात. ते योग्यच आहे, पण ती झाडलोट असते. १९८१ मध्ये देशात दहा हजारांमागे ५७.६ रुग्ण होते, आणि डिसेंबर २००५ मध्ये ०.९५. या उतारात औषधाचा वाटा मोठा आहे, पण व्याख्येचा आणि झाडलोटीचा वाटा किती, हे त्या एका आकड्यातून कधीच काढता येणार नाही.

त्याहून बोलका आकडा नव्या रुग्णांचा आहे. २००१ मध्ये भारतात सुमारे ६ लाख १८ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. २००२ मध्ये ४ लाख ७४ हजार, २००३ मध्ये ३ लाख ६७ हजार, २००४ मध्ये २ लाख ६० हजार, २००५ मध्ये १ लाख ६१ हजार. चार वर्षांत जवळजवळ तीनचतुर्थांश घट. आता हा जंतू अंगात शिरल्यापासून चट्टा उठेपर्यंत सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीसही. म्हणजे २००५ मध्ये ज्यांना चट्टा उठला त्यांना लागण झाली होती २००० च्या आगेमागे, तेव्हाचा संसर्ग तर जोरात होता. मग ही माणसं गेली कुठे? कुठेच नाही. काही जण आधीच चुकीचे किंवा दुसऱ्यांदा नोंदले गेले होते, ते गळले, ही एक खरी आणि चांगली गोष्ट. पण मुख्य कारण म्हणजे घरोघरची शोधमोहीम याच सुमारास आवरती घेण्यात आली, कुष्ठरोगाचे स्वतंत्र कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळवले गेले, आणि लक्ष्य गाठायच्या घाईत नवा रुग्ण सापडणं ही अडचण होऊन बसली. त्यानंतरची दहा वर्षं पाहिली की हे कळतं. २०१०–११ मध्ये १ लाख २७ हजारांच्या आसपास, २०१५–१६ मध्येही १ लाख २७ हजारांच्या आसपास. ‘दूरीकरण’ झालेला रोग दहा वर्षं जागचा हलला नाही, आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच राहिले. २०१६ मध्ये निवडक जिल्ह्यांत पुन्हा घरोघर शोध सुरू झाला, तेव्हा एका मोहिमेतच ३४ हजारांहून अधिक रुग्ण निघाले. रोग परत आला असं काही वर्तमानपत्रांनी लिहिलं. रोग गेलाच नव्हता, आपण परत गेलो होतो.

२००५ च्या दूरीकरणाची घोषणा खोटी होती असं मी म्हणत नाही. ती चुकीच्या मापाने केलेली खरी मोजणी होती, आणि हे जास्त धोक्याचं. खोटं पकडता येतं. इथे प्रत्येक तक्ता बरोबर, प्रत्येक सही बरोबर, आणि तरी समुद्रपूर किंवा आष्टीच्या एखाद्या वाडीतला पोरगा बोटं वाकडी होईपर्यंत कुणाच्या नजरेस पडत नाही.

करोनाने हे पुन्हा दाखवलं. २०१९–२० मध्ये देशात १ लाख १४ हजार नवे कुष्ठरुग्ण सापडले होते, पुढच्या वर्षी फक्त ६५ हजार. टाळेबंदीने कुष्ठरोगाचा संसर्ग एका वर्षात जवळपास निम्म्यावर येऊ शकत नाही, तेव्हा जवळपास निम्म्यावर आली ती तपासणी. त्याच काळात एप्रिल २०२० अखेरच्या करोनाच्या यादीत वर्धा जिल्हा हिरव्या पट्ट्यात होता, आणि मे महिन्यात पहिला करोनाबाधित सापडला. हिरवा रंग रोग नसण्याचा होता की चाचण्या कमी असण्याचा, हे त्या यादीवरून ठरवता येत नव्हतं. तरी आपण सुटकेचा श्वास सोडलाच.

आता ज्याची मोजणी व्हायची त्या माणसाच्या बाजूने बघा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. १९८२ नंतर हा रोग असाध्य उरला नव्हता, पण कलम तसंच राहिलं, ते गेलं २०१९ मध्ये. माणसांना डांबण्याचा १८९८ चा कायदा पुस्तकातून पुसला गेला २०१६ मध्ये. म्हणजे सरकारचा एक हात घरोघर जाऊन चट्टे शोधत होता, आणि दुसऱ्या हातात चट्टा सापडलेल्या बाईला नवऱ्याने सोडायचा कागद तयार होता. भारतात नव्या कुष्ठरुग्णांत बायका चाळीस टक्क्यांच्या आसपासच दिसतात. त्यांना रोग कमी होतो की त्यांच्याकडे बघितलं कमी जातं, याबद्दल तज्ज्ञ वाद घालतात. मला वाटतं, असा कायदा पासष्टएक वर्षं चालवणाऱ्या देशाला पहिल्या स्पष्टीकरणाचा आधार घेण्याचा नैतिक अधिकार नाही.

प्रसार मोजणं एक, आणि भार मोजणं दुसरं. भार मोजण्याचं जगमान्य माप १९९० च्या दशकात आलं. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने ते रूढ केलं, मागे डोकं मुख्यतः ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांचं. अकाली मृत्यूने गेलेली वर्षं अधिक अपंगत्वाने उणावलेली वर्षं, असा हिशेब. दर अवस्थेला शून्य ते एक यांमधलं वजन दिलेलं असतं. लोक टक लावून बघतील आणि त्याने झोप उडेल इतपत दिसणाऱ्या शारीरिक विद्रूपतेला या यादीत वजन आहे ०.०६७. म्हणजे तसं एक वर्ष जगलं की सुमारे चोवीस दिवस गमावले. पंधरा वर्षं जगलं की एक वर्ष. हे माप मूर्खपणाचं नाही. मलेरिया, अतिसार आणि कुष्ठरोग एका तराजूत घालून पैसे वाटायचे तर काहीतरी समान एकक लागतंच, आणि ज्यांनी ते बनवलं त्यांच्यामुळेच अपंगत्वाला निदान काही वजन मिळालं. पण या तराजूत कुष्ठरोग हलका भरतो, कारण तो मारत नाही. मोडलेली सोयरीक, बंद झालेलं हॉटेलातलं काम, वेगळं ठेवलेलं ताट यांना रकाना नाही.

आणि रजिस्टरवर तर त्या माणसाला काहीच रकाना नाही. बारावं पाकीट संपलं की तो ‘उपचारमुक्त’. त्याचा तळपाय बधिर आहे, खडा टोचला तरी कळत नाही, जखम वर्षानुवर्षं चिघळते, त्याला मऊ रबराची एमसीआर चप्पल लागते आणि ती झिजली की दुसरी. तरी रोगाच्या मोजणीतून तो बाहेर. जंतू मेला की रुग्ण संपला, हे जंतूच्या बाजूने बरोबर आहे.

सेवाग्रामच्याच एका अभ्यासाने मोजणीतला आणखी एक पेच दाखवला, तो क्षयाच्या संदर्भात. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची सुप्त क्षयसंसर्गासाठी दोन प्रकारे तपासणी झाली. एक जुनी कातडीवरची ट्यूबरक्युलिन चाचणी, दुसरी रक्ताची नवी चाचणी. हे निष्कर्ष २००५ मध्ये अमेरिकेतल्या ‘जामा’ नियतकालिकात आले. पहिलीत ४१ टक्के बाधित निघाले, दुसरीत ४० टक्के. वरवर पाहता दोन्ही मापं जुळली. पण दोन्हींत बाधित ठरलेले होते फक्त ३१ टक्के, आणि कुठल्या तरी एकीत ठरलेले तब्बल ५० टक्के. बेरीज जुळली होती, माणसं जुळली नव्हती. जिल्ह्याचा दर सांगायला दोन्ही चाचण्या सारख्याच उपयोगी, पण औषध कुणाला द्यायचं हे विचारलं की एकीच्या यादीतली बरीच नावं दुसरीच्या यादीत नाहीत. कुष्ठरोगात ही सोयही नाही. जंतू १८७३ मध्येच हान्सेनने दाखवला, पण तो अजून प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. दडलेला संसर्ग विश्वासाने सांगणारी चाचणी गावपातळीवर नाही. शेवटी माणसाच्या पाठीवर माणसालाच नजर टाकावी लागते.

क्षयाच्या बाबतीत मात्र देशाने अलीकडे मोजणीला थोडं देणं जोडलं. २०१२ मध्ये क्षयाची नोंद सक्तीची झाली. नुसत्या सक्तीने खासगी डॉक्टर फार हलले नाहीत. २०१८ पासून नोंदलेल्या रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला ५०० रुपये पोषणासाठी येऊ लागले, २०२४ मध्ये ते १००० झाले. रक्कम तुटपुंजी आहे, वेळेवर येत नाही अशा तक्रारी आहेत, पण नाव नोंदवण्याचं एक कारण निर्माण झालं. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लाखामागे ३१२ क्षयरुग्णांचा अंदाज निघाला. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेच गेलेले नव्हते, आणि नुसती लक्षणं विचारून थांबलो असतो, छातीचा एक्स-रे काढला नसता, तर जवळपास ४३ टक्के रुग्ण निसटले असते. त्यांच्यासाठी घरापर्यंत जाणारं फिरतं यंत्र लागलं.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. रोग विरळ झाल्यावर घरोघर शोधणं परवडत नाही. हजारो पाठी पाहाव्यात तेव्हा एक चट्टा सापडतो. तेवढ्यात बालमृत्यू, सिकलसेल, साप चावणं, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, विदर्भात कामं काय थोडी आहेत? आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर शोध बंद करणं हे नाही. नव्या रुग्णाच्या घरातले आणि शेजारचे आधी बघा. त्यांना २०१८ पासून रिफाम्पिसिनचा एक डोस प्रतिबंधासाठी देता येतो, म्हणजे इथेही मोजणाऱ्याच्या पिशवीत गोळी आली. शाळा, वीटभट्ट्या, तांडे, बेडे बघा. आणि मुख्य म्हणजे आकडा बदला. उपचाराखालच्यांची संख्या हे माप स्वस्थ बसूनही खाली आणता येतं. स्वस्थ बसलं की जे वर जातं, असं माप हवं. सापडलेल्या रुग्णांपैकी किती जणांची बोटं सापडण्याआधीच वाकडी झाली होती, हे ते माप. शोध ढिला पडला की ते चढतं, आणि चढलं की बोट आरोग्य खात्याकडे वळतं. दुसरं, नव्या रुग्णांत मुलं किती. दहा वर्षांच्या मुलाला झालेली लागण जुनी असूच शकत नाही. ही दोन्ही मापं सरकारी तक्त्यांत आहेत. पण जिल्ह्याचं कौतुक किंवा कानउघाडणी त्यांच्यावर कधी झालेली ऐकिवात नाही.

३० जानेवारीला ग्रामसभांत कुष्ठरोगाबद्दलचं निवेदन वाचून शपथ घेतली जाते. तिथे त्या गावापुरत्या तीन गोष्टी वाचाव्यात: या वर्षी किती माणसांचं अंग खरोखर तपासलं, नव्या रुग्णांत मुलं किती, आणि सापडताना विकृती किती जणांना होती. पहिला आकडा ऐकला की लोक तिथल्या तिथे सांगतील, आमच्या घरी तर कुणी आलंच नाही.

आणि पैशाची मांडणी उलटी करावी लागेल. आज आशाताईला विकृती येण्याआधी रुग्ण शोधून दिला तर २५० रुपये ठरलेले आहेत, विकृती आल्यावर दिला तर २००. म्हणजे वेळेवर बघण्याची किंमत पन्नास रुपये. त्याहून वाईट म्हणजे हे पैसे सापडण्याचे आहेत, बघण्याचे नाहीत. मोहिमेच्या दिवसांचा काही भत्ता मिळतो तेवढाच. आता नवी राष्ट्रीय योजना २०२७ पर्यंत संसर्ग शून्यावर आणू म्हणते. एकावर आलेल्या आकड्याला जे झालं ते शून्याला होणार नाही याची हमी काय? शून्य खरं आहे हे सिद्ध करायचं तर शंभर घरांत जाऊन, शंभर घरांतल्या पाठी उजेडात बघून, काहीही न सापडता परत येणारी बाई लागते. तिच्या त्या दिवसाची पूर्ण मजुरी कुठल्या शीर्षाखाली टाकायची, हे जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात आधी ठरू द्या. मग शून्याची तारीख जाहीर करा.